मोदक, गुडघे आणि धाकटी जाऊ

धाकट्या जावेचे गुडघे मला बघवत नसत. खरंच सांगते. दिरांची बदली दिल्लीला झाली आणि ती तिथल्या द्वारका भागात आमच्याच सोसायटीत राहायला आली. तासभर मांडी घालून जमिनीवर बसायची आणि उठताना हातसुद्धा टेकायची नाही!

मला चार वर्षांपासून आतड्याला सूज येण्याचा आजार. पोटात कळा, रक्त पडणं, एवढं लोकांना समजायचं. पण त्याच आजाराने गुडघे सुजतात, बोटं आखडतात, डोळा लालभडक होतो, हे कुणाला पटेल तर शपथ. "पोटाचा आणि गुडघ्याचा काय गं संबंध?" सासूबाई विचारायच्या. डॉक्टर म्हणाले होते, शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच शरीरावर उलटते, ती आतड्यापाशी थांबेलच असं नाही. मी घरी येऊन हे सगळं नीट सांगितलं. नवरा म्हणाला, "अच्छा." बस्स, एवढंच.

सोसायटीच्या गणपतीचे उकडीचे मोदक दरवर्षी मीच करायची. त्या वर्षी माझी मूठ वळेना. सासूबाईंनी परस्पर ठरवून टाकलं, "यंदा धाकटी करेल." माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

दुखण्याच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, आतडं बिघडू शकतं, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. मी नवऱ्याच्या ड्रॉवरमधल्या काढून गुपचूप तीन दिवस घेतल्या. बोटं सुटली. चतुर्थीला सकाळी मीच पारी करायला बसले आणि तिला नुसतं सारण ढवळायला ठेवलं. जेमतेम अकरा मोदक झाले आणि पोटात कळ आली. मग बाथरूम आणि रक्त. खाली आरती सुरू झाली तरी मी आतच. दुपारी दवाखान्यात नेलं, तेव्हा गोळ्यांचं ऐकून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

संध्याकाळी जाऊ मऊ भात घेऊन आली. पलंगाशी बसत म्हणाली, "ताई, उरलेले मी वळले. पण सगळ्यांना सांगितलं, ताईंच्याच हातचे आहेत. सगळे म्हणत होते, यंदा तर दरवर्षीपेक्षा छान झालेत!"

मी मुकाट्याने भात गिळला. गुडघे चांगले, बोटं चांगली, मोदकही चांगले. निदान मनाने तरी वाईट असायला काय झालं होतं मेलीला!