मानीबाईला मानवलेली गाडी

मानीबाई आडे यांना मोटार लागायची. लागायची म्हणजे इतकी की एसटी स्टँडवर उभी असली आणि डिझेलचा वास आला तरी त्या पदर नाकाशी धरत. घाटंजीचा बाजार त्यांनी उभ्या जन्मात बैलगाडीनं नाही तर पायी केला. सेवानगर तांड्यापासून घाटंजी काही जवळ नाही, पण त्या म्हणायच्या, चालून पाय दुखतात, बसून जीव जातो.

त्यांची मुलगी रंजिता नर्स आहे. जावई कच्छमध्ये पवनचक्क्यांच्या कंपनीत आहे, म्हणून लग्नानंतर तिनं भुजला नोकरी धरली. मुलीचं घर मानीबाईंनी पाहिलेलं नव्हतं. एकदा निघाल्या होत्या. बडनेऱ्याहून रेल्वे होती, पण बडनेऱ्यापर्यंतच्या बसनंच त्यांची अशी दैना केली की नवऱ्यानं, धावजींनी, त्यांना स्टेशनातून परत आणलं. परतीचा प्रवासही बसचाच होता. त्यानंतर तो विषय घरात कोणी काढला नाही. रंजिताच होळीला यायची, नातवंडं दाखवायची आणि जायची.

मुलगा बादल आधी जेसीबीवर ऑपरेटर होता, मग स्वतःची मशिनं घेतली, आता रस्त्यांची कामं घेतो. गेल्या दिवाळीच्या आधी त्यानं जाहीर केलं की मोठी गाडी घ्यायची. साधी नाही. खड्ड्यात, नाल्यात, रेतीत कुठंही घुसेल अशी, आणि आत बसलं तर घरच्या सोफ्यावर बसल्यासारखं वाटेल अशी. सगळ्या घरादारानं तिच्यात बसून भुजला जायचं, पांढरं रण पाहायचं.

(त्यांच्या घरात गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलतात. मी आपल्या वऱ्हाडीत सांगतो, फक्त आईला म्हणतात ते 'याडी' तेवढं तसंच ठेवतो.)

ओट्यावर रोज चर्चा सुरू झाली. बादलला इंजिनची ताकद हवी होती. पोरांना वर उघडणारं छत हवं होतं. धावजींचा एकच प्रश्न होता.

"रस्त्यात बंद पडली त मिस्त्री भेटीन का?"

"बा, या गाड्या बंद पडत नाईत."

"बंद न पडणारी मशीन मी तरी पायली नाई."

त्यावर बादल फोनवर एखादा व्हिडिओ लावून दाखवायचा. कोणीतरी गोरा माणूस वाळवंटात गाडी पळवत असायचा. धावजी शेवटपर्यंत पाहायचे आणि म्हणायचे, "इथं त रस्ताच नाई. मिस्त्री कुठून येईन?"

बादलची बायको बबिता हे ऐकत भाकरी टाकत असायची. तिला वाटायचं, सासूबाईंना कोणी काही विचारत नाही. मानीबाई बकऱ्यांना पाला घालत म्हणायच्या, "तुमी घ्या कोणची बी. मी घर सांभाळतो."

"नाई याडी," बादल म्हणाला. "तू येशीन तरच गाडी घेईन. तुले लागणार नाई अशीच पाहू."

अशा रीतीनं गाडी निवडायचं काम मानीबाईंच्या पोटाकडे आलं.

पहिली गाडी पांढरी होती. ती नागपूरहून आली, बरोबर शोरूमची मोनाली नावाची मुलगी होती. तांड्यातली निम्मी माणसं जमली. मानीबाईंनी हातात लिंबू घेतलं, देवाचं नाव घेतलं आणि मधल्या सीटवर बसल्या. गाडी इतकी मऊ होती की खड्डा गेल्याचं कळायचंच नाही, नुसतं पाळण्यात बसल्यासारखं व्हायचं. ते डुलणंच नडलं. डांबरी सडक लागायच्या आधीच त्यांनी बबिताचा हात दाबला. गाडी थांबली, मानीबाई शेताच्या बांधाकडे, धुऱ्याकडे धावल्या.

काही दिवसांनी काळी आली. ती डुलत नव्हती. तिच्यात मानीबाई नदीच्या पुलापर्यंत टिकल्या. बादल आरशातून आईकडे पाहत होता, त्याच्या चेहऱ्यावर आशा दिसायला लागली होती, आणि पूल उतरताना मानीबाई म्हणाल्या, "थांबव बापू."

त्या रात्री बादल नीट जेवला नाही. मानीबाईंनीच त्याची समजूत घातली. "माह्या पोटासाठी पोट्ट्याइचं रण काहून बुडवतं? तुमी जा. फोटो काढून आना."

बबिताला ते बोलणं लागून राहिलं.

सोयाबीन निघालं होतं, हरभऱ्यासाठी वावर तयार करायचं चाललं होतं. बबिता शिदोरी घेऊन शेतात गेली, तर मानीबाई ट्रॅक्टरवर होत्या. हे रोजचंच होतं. बादल जेसीबीवर गेला आणि धावजींच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ट्रॅक्टर मानीबाईच चालवत. ढेकळांवरून ट्रॅक्टर उड्या मारत होता, सायलेन्सरचा काळा धूर वाऱ्यानं त्यांच्याच तोंडावर येत होता, आणि मानीबाई मजेत गाणं म्हणत होत्या.

बबिता धुऱ्यावर उभी राहून बघत राहिली. इतकी वर्षं हे दिसत होतं आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"याडी," शिदोरी सोडताना तिनं विचारलं, "ट्रॅक्टरवर तुमाले उलटी काहून होत नाई?"

मानीबाईंनी भाकरी मोडली. "ट्रॅक्टर त मीच चालवतो ना. पुढचा खड्डा मले आधीच मालूम असते. हाती स्टेरिंग असलं का पोटाकडं ध्यानच जात नाई."

"मंग तुमी गाडीच चालवा."

मानीबाई हसल्या. बबिता हसली नाही, म्हणून मग त्याही थांबल्या.

घरी ही गोष्ट निघाली तेव्हा धावजी आधी मोठ्यानं हसले. बादल म्हणाला, "भुजपर्यंत? हायवेनं? ट्रकायच्या मधातून?" बबितानं वाद घातला नाही. तिनं सरळ मोनालीला फोन लावला.

मोनालीनं असं गिऱ्हाईक आधी पाहिलेलं नव्हतं, पण तिला गंमत वाटली. ती म्हणाली, "रस्त्यावर लायसन्सशिवाय देता येणार नाही. तुमच्या शेतात चालेल." आणि एका ड्रायव्हरसह ती पांढरी न् काळी दोन्ही घेऊन परत आली.

पांढरीच्या सीटवर मानीबाई बसल्या, तर बाहेरून नुसता त्यांचा अंबाडा दिसायचा. उंची बेताची. मोनालीनं बटण दाबून सीट शेवटपर्यंत वर केली. तरीही समोर लांबलचक बॉनेट.

"दिसून राह्यलं का?" बादलनं विचारलं.

"आभाळ दिसून राह्यलं."

काळीचं तेच झालं. बादलची सगळी आवडती नावं अशी एकेक करून गळली. ताकद, सोफा, छत, सगळं ठीक होतं, पण चालवणाऱ्या बाईला पुढचं चाक कुठं आहे ते कळत नव्हतं. मोनाली विचार करत राहिली. मग म्हणाली, "आमच्याकडे एक आहे. जुन्या ढंगाची आहे, चौकोनी. तुम्ही फोटो पाहून नको म्हणाला होतात."

चौकोनी गाडी हिरवी होती, लोखंडी पेटीसारखी. काचा उभ्या आणि खालपर्यंत आलेल्या, बॉनेट सपाट, त्याचे दोन्ही कोपरे सीटवरून दिसत. मोनालीनं काहीच लपवलं नाही. सगळ्यात मागची सीट अडचणीची आहे, म्हणाली, पोरंच बसतील. छत उघडत नाही. पण हे इंजिन वर्षानुवर्षं चालतं म्हणून नावाजलेलं आहे, आणि गुजरातच्या वाटेवर प्रत्येक मोठ्या शहरात सर्व्हिसिंग होतं.

"म्हणजे मिस्त्री हाय," धावजी म्हणाले आणि समाधानानं खाटेवर बसले.

मानीबाई चढल्या. पदर खोचला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "दोनी कोपरे दिसते," म्हणाल्या. ऑटोमॅटिक गिअर बादलनं समजावून दिला, मोनाली शेजारी बसली, आणि हिरवी गाडी सोयाबीनच्या वावरातून हळूहळू निघाली. आधी सरळ गेली. मग वळली. मग मानीबाईंनी ती नाल्यात उतरवली, पाण्यातून नेली आणि पलीकडच्या काठावर चढवून उभी केली. सगळे धुऱ्यावर वाट पाहत होते की त्या आता उतरतात आणि झुडपाकडे धावतात. त्या उतरल्याच नाहीत. काच खाली करून त्यांनी ओरडून विचारलं, "आनखी एक चक्कर मारू का?"

गाडी ठरली.

लायसन्स काढायचं होतं. घाटंजीतल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गोविंदानं त्यांना बाजाराच्या गर्दीत चालवायला शिकवलं. परीक्षेला त्या पहिल्यांदा नापास झाल्या, कारण सिग्नलचा हात बाहेर काढायचा तेव्हा त्यांनी समोरच्या साहेबाला रामराम केला. दुसऱ्यांदा पास झाल्या. लायसन्सवरचा फोटो त्यांना आवडला नाही, पण तांड्यातल्या प्रत्येक बाईनं तो पाहिला.

संक्रांतीनंतर कापूस वेचायचं काम शेजारच्या जमनाबाईवर सोपवून सगळे निघाले. नियम एकच होता. मानीबाई थकल्या की सगळ्यांनी थांबायचं, कारण दुसऱ्या कोणी गाडी हाती घेतली की त्यांना लागणार. त्यामुळे कुठं मुक्काम पडेल हे कोणालाच माहीत नव्हतं. जळगावकडे केळीच्या बागेत थांबले तर मालकानं घड कापून दिला. भरूचला नर्मदेवर पोरांना आंघोळ घातली. मानीबाई डाव्या बाजूनं, आपल्या चालीनं जायच्या. मागून ट्रकवाले भोंगे वाजवायचे, तर त्या म्हणायच्या, "जा बाप्पा, तुले घाई हाय."

धावजी शेजारी बसून संत्री सोलून एकेक फोड त्यांच्या तोंडात घालायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघं असे शेजारी बसून कुठं गेले नव्हते. बबिता मागून पाहायची आणि बादलला कोपरानं ढोसायची.

कच्छात नेणारा सुरजबारीचा लांब पूल ओलांडला आणि दोन्ही बाजूंना मिठाचे पांढरे ढीग सुरू झाले. ते ढीग पाहत धावजी म्हणाले, "आपले जुने लोक बैलावर मीठ लादून मुलूखभर फिरत. माहा आजा सांगे. कुठून आनत ते कधी इचारलं नाई."

"इथूनच आनत अशीन," मानीबाई म्हणाल्या.

"कोन जाने. पन आपन त पोचलो."

त्यांनी गाडी बाजूला घेतली. धावजी उतरले, मिठाचा एक खडा उचलून जिभेला लावला आणि दुसरा मानीबाईंना दिला.

रंजिताला फोनवर इतकंच सांगितलं होतं की आम्ही येतोय. आई येईल असं तिनं धरलंच नव्हतं. भुजमधल्या त्यांच्या गल्लीत हिरवी गाडी वळली तेव्हा ती दारात उभी होती. तिनं मागच्या काचेतून बबिता पाहिली, बादल पाहिला, पोरं पाहिली, पुढच्या सीटवर बा पाहिले. मग ड्रायव्हरचं दार उघडलं आणि लुगड्याचा काठ सावरत मानीबाई खाली उतरल्या.

रंजितानं पुढं येऊन आईचा दंड धरला. "याडी, तू कशी आली?"

"चालवत आली."

रंजितानं आईला मिठी मारली, मग गाडीकडे पाहिलं, मग परत आईकडे, आणि रडता रडता हसायला लागली. शेजारच्या बायका बाहेर आल्या, त्यांना गुजराती-हिंदीत सगळं सांगून झालं, चहा झाला, परत एकदा सांगून झालं.

दुसऱ्या दिवशी रण पाहिलं. बादलला राहवलं नाही, व्हिडिओसाठी सगळ्यांना खाली उतरवून त्यानं स्टेअरिंग घेतलं आणि काठाच्या ओल्या मिठात गाडी रुतवली. सगळ्यांनी ढकलली, मानीबाईंनी चालवली, बाहेर आली. गुडघ्यापर्यंत पांढरा चिखल. पोरांना रणापेक्षा तोच जास्त आवडला.

त्याच्या दुसऱ्या सकाळी रंजिता म्हणाली, "याडी, चल, बाजार दाखवतो. रिक्षा सांगू का?"

मानीबाईंनी जरा विचार केला. "रिक्षावाला मले चालवू देईन का?"

"नाई देणार."

"मंग पायी चाल."

आणि दोघी पिशव्या घेऊन पायी निघाल्या.