बाईंच्या कोंबड्यांचा खुराक

नुसतं अंडं हातात घेऊन ते कोणत्या कोंबडीचं हे सांगणारं माणूस मी एकच पाहिलं. ते म्हणजे आमच्या शेजारच्या बाई. घोटीकडच्या शाळेत जन्मभर शिकवलं, निवृत्त झाल्यावर इंदिरानगरला आमच्या भिंतीला भिंत लावून राहायला आल्या आणि मागच्या अंगणात सहा कोंबड्या पाळल्या. सकाळी त्यांची चक्क हजेरी घ्यायच्या. अंडं उजेडात फिरवून म्हणायच्या, "लांबट, टोकाला ठिपका. हे तांबडीचं." मी मनात म्हणायचो, फेकताहेत झालं.

दुसरी सवय म्हणजे कौतुक अंड्याचं करायचं नाही. मी "आज पाच मिळाली!" म्हटलं की त्या खुराकाचं भांडं माझ्यापुढे धरायच्या. "अंडं काय बघतोस? भांडं बघ. आज काय खाल्लं ते कळलं की उद्याचं आपोआप कळतं." मी सरकारी कचेरीतला कारकून, मला कशाला कोण शिकवतंय! मान डोलावून मोकळा व्हायचो.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बाई महिनाभर ठाण्याला मुलाकडे गेल्या. कोंबड्या माझ्यावर सोपवल्या. आठवड्यात भरडा संपला. मका, पेंड, शिंपल्यांचा चुरा असं भरडलेलं ते नेहमीचं खाद्य दुकानात नव्हतं. दुकानदार म्हणाला, "गोळीचं घ्या साहेब, सांडत नाही, ताकदही जास्त." मी लगेच पोतं उचललं. म्हटलं, बाई आल्या की शाबासकी देतील.

चार दिवसांनी पाचाची तीन अंडी झाली, मग एक, मग तेही बंद. माझी पाचावर धारण बसली. कारण बाईंचा मुलगा फोनवर कधीचा म्हणत होता, "कोंबड्या आहेत म्हणून आई तिथे अडकलीय. त्या गेल्या की आणतोच तिला." कोंबड्या गेल्या तर शेजारच्या बाईही जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. आणि बाईंशिवाय ती भिंत मला नको होती, खरंच सांगतो.

मग मी शहाणपणा केला. बाई परतायच्या सकाळी बाजारातून पाच गावरान अंडी आणून टोपलीत ठेवली. मुलगा बाईंना घेऊन आला. बाईंनी एक अंडं उचललं, नव्या डोळ्यासमोर फिरवलं आणि म्हणाल्या, "ही माझ्या पोरींची नाहीत."

धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं मला. सगळं सांगून टाकलं. मुलगा म्हणाला, "बघ आई, म्हाताऱ्या झाल्यात. देऊन टाक आणि चल."

बाई मागच्या अंगणात गेल्या. भांडं उचलून माझ्यापुढे आणलं. गोळ्या जशाच्या तशा, वर धूळ. "अरे शहाण्या, जन्मात गोळी पाहिली नाही त्यांनी. त्यांना हे खडे वाटले. अंगणातले किडे-गवत टिपून जगल्या, अर्धपोटी अंडं कुठून घालतील?" मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "पंधरा दिवस थांब. नाही घातलं तर मी स्वतः पिशवी भरते."

खलबत्ता काढला. पहिले दिवस सगळ्या गोळ्या कुटून, पाण्याचा हात लावून भरड्यासारख्या केल्या. मग रोज मूठभर अख्खी गोळी त्यात. "खुराक बदलायला हरकत नाही रे," त्या म्हणायच्या, "पण एकदम नाही. आणि भांड्यावरची नजर काढायची नाही." कुटायचं काम अर्थात माझं. हाताला फोड आले, पण तोंड उघडायची सोय नव्हती. बाराव्या दिवशी तांबडीने अंडं घातलं आणि कोकलून गल्ली डोक्यावर घेतली. बाईंनी मुलाला फोन लावला आणि एवढंच म्हणाल्या, "पिशवी काही भरत नाही मी."

पुढे दोन वर्षांनी न्हाणीघरात बाईंचा पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा मात्र ठाण्याला मुलाकडे जावंच लागलं. कोंबड्या भिंतीच्या अलीकडे, माझ्याकडे आल्या. फोन केला की बाई म्हणायच्या, "मी मजेत." आवाज मात्र फोनागणिक खोल जात चाललेला.

एक दिवस मी मुलालाच विचारलं, "आईचं ताट बघतोस का?" तो म्हणाला, "निम्मं टाकते. आमचं जेवण वेगळं आहे ना." मी त्याच दिवशी बाईंच्या रोजच्या भाकरीचं नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ पाठवलं आणि बजावलं, "आधी पोटभर हीच भाकरी. मग हळूहळू तुमची पोळी, रोज चतकोर."

पंधरवड्याने बाईंचाच फोन आला. आवाज खणखणीत, जुना.

"काय रे, मला कोंबडी समजलास?"

"हो," मी म्हटलं. "ताट?"

"रिकामं आहे. आज अंडं आहे का?"

मी टोपलीतलं अंडं उचललं, उजेडात फिरवलं. "आहे बाई. लांबट, टोकाला ठिपका."