शिवरात्रीचा चिकांडा

आमच्या सासूबाई धाकट्या सुनेला कधी एक वाकडा शब्द बोलल्या नाहीत, आणि हेच मला खुपायचं. माझा धाकटा दीर झांबियात ठिबक सिंचनाच्या कामावर होता. तिथल्याच पोरीशी त्यानं लग्न केलं आणि या हिवाळ्यात तिला पहिल्यांदा शिरड शहापूरला घेऊन आला. सासूबाई तिला "या, बसा" करायच्या, नवी रजई काढून द्यायच्या, पण तिच्या हातचं खायच्या नाहीत. तिनं भाकर थापली की यांचं पोट भरलेलं. तिनं चहा केला की यांना पित्त.

एक दिवस भांडी घासता घासता नवऱ्याकडून शिकलेल्या हिंदीत तिनं मला विचारलं, "ताई, मैं गंदी हूँ क्या?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्यावर नाही, सासूबाईंवर. "येडी का तू?" मी म्हटलं. "म्हातारीला ठाऊक न्हाई तुमच्यात काय काय खातात, म्हणून भेती." तिनं मान हलवली, पण मनातून गेलं नव्हतं. शिवरात्र झाली की दोघं परत जाणार होते. हे असंच पोटात ठेवून गेली असती तर ती पुन्हा कशाला आली असती? मी तरी आले नसते.

शिवरात्रीच्या पहाटे सासूबाई औंढ्याला दर्शनाला गेल्या. इकडं मी रताळी धुवायला घेतली, तर जाऊ जवळ बसून विचारायला लागली, उपासाला चालतं काय? मी सांगितलं, कंद चालतात, शेंगदाणे चालतात, आमच्यात लाल तिखट चालतं, मीठ चालतं. कांदा नाही, हळद नाही. माझं माहेर कुरुंद्याचं, हळदीच्या पिकावरच वाढलेली मी. पण उपासाला हळद काहून चालत नाही, हे मला आजवर कोणी धड सांगितलं नाही.

ती एकदम उठली आणि बॅगेतून पिठाची पिशवी घेऊन आली. त्यांच्याकडं गवताळ रानात बारके कंद निघतात. तिच्या आईनं ते खणून, वाळवून, कुटून दिले होते. त्यात शेंगदाणे, तिखट, मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा घालायचा. झाला त्यांचा चिकांडा. मी म्हटलं, अगं बाई, हे तर उपासाचंच झालं की!

मी लगेच तवा तापवून शेंगदाणे भाजायला टाकले. तिनं माझा हात धरला. कच्चेच कुटायचे म्हणे. कच्च्या शेंगदाण्याचं कूट! माझ्या सात पिढ्यांत कोणी केलं नसेल. पण स्वयंपाक तिचा होता, मी गपगुमान खलबत्ता ओढला. अंगणातल्या चुलीवर तिनं कुटाचं पाणी उकळलं, तिखटमीठ टाकलं आणि कंदाचं पीठ वैरत घोटायला लागली. गोळा असा घट्ट झाला की पातेलं मला धरून बसावं लागलं. मग झाकण ठेवून त्यावर निखारे टाकले. वरून विस्तव, खालून विस्तव.

"मीठ बघ जरा चाखून," मी म्हटलं.

"नहीं ताई. पहले आई." सासूबाईंना ती आईच म्हणायची. तिनंही उपास धरला होता. सकाळपासून पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता. मला तिचं कौतुक वाटलं आणि रागही आला. मी मघाशीच दोन केळी खाऊन मोकळी झाले होते.

दुपारी सासूबाई आल्या. तोवर चिकांडा थंड होऊन घट्ट झाला होता आणि तिनं त्याच्या वड्या पाडून ताटात लावल्या होत्या. रंग लालसर काळपट. सासूबाई दारातच थबकल्या.

"थोरले! शिवरात्रीला घरात काळीज शिजवलं? तुला बी अक्कल न्हाई?"

"काळीज कुठलं आत्याबाई! कंद हाय, शेंगदाणे हायत. माझ्या डोळ्यादेखत केलंय."

"अन् फुगलंय कशानं?"

"चिमूटभर सोडा हाय."

"सोडा चालत नसतो उपासाला."

"बटाट्याच्या चिप्सला तुरटी चालती, अन् सोडा चालत न्हाई व्हय?"

"बरं, ठेवा झाकून. उद्या बघू," म्हणून त्या पाय धुवायला वळल्या. जावेला मराठी फार येत नव्हती, पण रोज ऐकलेलं 'उद्या बघू' तिला बराबर कळायचं. तिनं ताटावर झाकण ठेवलं. मग मला राहवलं नाही.

"आत्याबाई, पोरगी पहाटपासून निर्जळी हाय. तुमी खाल्ल्याबिगर खात न्हाई म्हणती. आता तिला उद्यापर्यंत उपाशी ठेवा, अन् मग महादेवाला काय सांगायचं ते तुमीच सांगा."

सासूबाईंनी हातातला तांब्या खाली ठेवला. "पाणी बी न्हाई पिली?" त्यांनी तिलाच विचारलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. मग त्या पाटावर बसल्या आणि ताट पुढं ओढलं. एक वडी मोडली, वास घेतला, तोंडात टाकली. आम्ही दोघी उभ्याच. त्यांनी सावकाश चावून गिळलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मीठ कमी पडलं की गं! एवढी मोठी झाली, मिठाचा अंदाज न्हाई? मायनं शिकवलं न्हाई का काही?"

असं म्हणत दुसरी वडी उचलली.

जावेचे डोळे भरून आले. "ताई, गुस्सा हो गई?" ती माझ्या कानात म्हणाली.

मला हसू आवरेना आणि रडूही. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हेच ऐकत आले होते. मी तिच्या पाठीवर धपाटा घातला आणि म्हटलं, "अगं येडे, पाहुणीला कोणी मीठ कमी म्हणत असतं का?"