मामेसासऱ्यांचे उष्मांक

माझ्या मामेसासऱ्यांइतका निश्चयी माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात झाला नाही, आणि त्यांच्याइतका जाडही फारसा कोणी नव्हता. सन पन्नासनंतरच्या त्या वर्षांत ते हिंगणघाटला शाळेत विज्ञान शिकवत. त्यांचे वडील त्यांच्याच वयात, त्यांच्याच घेराचे असताना, ओसरीवर बसल्या बसल्या गेले होते. डॉक्टरांनी मामाजींच्या छातीला नळी लावली आणि एवढंच सांगितलं, "मास्तर, वजन उतरवा. नाही तर वडिलांच्या वाटेनं जाल."

उपाय सुचवणारे खूप निघाले. कोणी मध-लिंबू सांगितलं, कोणी पोटावर मातीच्या पट्ट्या. आमच्या आश्रमी जिल्ह्यात लिंबाला आणि मातीला कधीच तोटा नव्हता. मामाजींनी सगळे उपाय झटकले. "शरीर म्हणजे कापसाच्या जिनातलं बॉयलर आहे, जावईबापू," ते मला म्हणत. "जेवढा कोळसा जळते, तेवढाच टाकावा. उरला तो इथं साचते," आणि पोटावर थाप मारत. शाळेच्या प्रयोगशाळेतून बाद झालेला तराजू हेडमास्तरांना विचारून त्यांनी घरी आणला आणि ज्वारीची भाकरी पितळी वजनांनी तोलून खायला सुरुवात केली. साबुदाण्यात आणि दाण्याच्या कुटात किती उष्मांक असतात हे वाचल्यावर तर त्यांनी एकादशीही सोडली. उपासाचा दिवस त्यांना दिवाळीपेक्षा धोक्याचा वाटू लागला. अल्लीपूरच्या एका लग्नात ते तराजू घेऊन पंगतीला बसले आणि बुंदीचा लाडू पारड्यात ठेवला. मागची सगळी ओळ खोळंबली.

"मास्तर, लग्नाले आले का सोनाराच्या दुकानात?" वाढप्या म्हणाला.

"सोनार सोनं तोलते. मी माह्यं आयुष्य तोलून राह्यलो," मामाजी शांतपणे म्हणाले आणि अर्धा लाडू मोडून त्याच्या परातीत परत टाकला.

मामाजींच्या कोटाची बटणं लागू लागली. पण त्याच सुमारास मामींच्या बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या. मामी मुळातच काडीसारख्या. एक दिवस विहिरीवर त्यांना भोवळ आली, तेव्हा माझ्या बायकोनं त्यांना खोदून विचारलं.

"हे एका भाकरीवर उठते, अन् मी दोन खाऊ?" मामी म्हणाल्या. "शोभते का बाईच्या जातीले?"

घरोघर हीच रीत होती. बाईनं मागून बसायचं आणि पुरुषापेक्षा जास्त खायचं नाही. मामाजींनी जगातल्या यच्चयावत पदार्थांचे उष्मांक पाठ केले होते, पण आपण पाटावरून उठल्यावर चुलीपाशी कोण आणि किती जेवतं, हे त्यांच्या शास्त्रात आलंच नव्हतं. त्यांनी मामींना समजावलं, "तुह्यं बॉयलर येगळं, माह्यं येगळं." मामी म्हणाल्या, "तुमचं शास्त्र शाळेत ठेवा." मग मामाजींनी दोन भाकरी खाण्याचा हुकूम सोडला. मामींनी मान डोलावली आणि दुसरी भाकरी गाईला घातली. त्या घरात वजन वाढलं ते फक्त गाईचं.

मामाजी पेचात पडले. खावं तर आपण जाणार, न खावं तर ही. एका संध्याकाळी, मी समोर असतानाच, ते ताटावर बसून म्हणाले, "आजपासून तू माह्यासंगं बसशीन. तू दुसरी भाकरी मोडल्याबिगर मी पहिला घास घेणार नाई."

"जावयासमोर काय बोलून राह्यले?"

"जावयालेही शिकू दे."

मामी उठून आत गेल्या. मामाजी बसून राहिले. वर्ध्याकडच्या माणसाला उपोषण शिकवावं लागत नाही. त्या संध्याकाळी ताट तसंच उचललं गेलं, दुसऱ्या दिवशी सकाळचंही. त्या दुसऱ्या संध्याकाळी मामींनी हार मानली. त्या ताट घेऊन आल्या, पण नवऱ्यासमोर तोंड हलवायची लाज, म्हणून भिंतीकडे तोंड आणि मामाजींकडे पाठ करून बसल्या. मामाजींना दिसेना, म्हणून तेव्हापासून ते रोज कान देऊन बसत. कडक भाकरी मोडल्याचा दुसरा आवाज आला की यांचा पहिला घास. तोवर यांची अर्धी भूक मेलेली असे, त्यामुळे तराजूची गरजही संपली.

मामाजी बारीक असे कधी झाले नाहीत. पण वडिलांचं वय त्यांनी केव्हाच मागं टाकलं, आणि मामींच्या बांगड्या मनगटावर आल्या. परवा हिंगणघाटला गेलो होतो. मामाजींना आता फारसं ऐकू येत नाही. पुढ्यातलं ताट निवत होतं, आणि ते मामींच्या पाठीकडे बघत थांबले होते. बऱ्याच वेळानं मामी भिंतीकडे तोंड ठेवूनच मोठ्यानं म्हणाल्या, "मोडली म्हटलं. जेवा आता."