फुटपाथवरचा अर्धा तास

शाळेत तीनशे पोरांचा भात-राजमा रांधणारी आमची एडिलेन मनाच्या आजाराने दोन वर्षं खोलीबाहेर पडली नव्हती. गोळ्या झाल्या, नवस झाले. मी समोरच राहते, सगळं पाहिलंय. त्या घरात तिला 'जेवलीस का' विचारायचे, 'काय होतंय' असं कुणी विचारलं नाही.

मग विद्यापीठातल्या डॉक्टरांनी तिला डोक्याला बांधायचा पट्टा दिला. दोन स्पंज मिठाच्या पाण्यात भिजवून कपाळावर ठेवायचे, त्यातून बारीक वीज सोडायची. रोज अर्धा तास, सहा आठवडे, घरीच. नर्स फोनवरून बघणार. कपाळाला मुंग्या चावतात, एडिलेन म्हणाली. पण तिसऱ्या आठवड्यात तिने आपणहून केस विंचरले, आणि मी खिडकीत उभी राहून रडले. खोटं कशाला सांगू?

तिच्या सासूला, दोना ओदेतला, मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. "खिडकी लावून घे. गल्लीला तमाशा नको!"

आणि एक दिवस यंत्र चालूच होईना. दुसऱ्या दिवशीही नुसता लाल दिवा. नर्स रोझिल्दा म्हणाली, "उद्याचाही अर्धा तास चुकला तर यंत्र परत मागवतील गं."

तिसऱ्या दिवशी एडिलेनने मला हाक मारली. काय सुचलं कोण जाणे, स्पंज भिजवायच्या बाटलीतलं पाणी तिने बोटाने जिभेला लावलं. शेवटी स्वयंपाकीणच ती.

"हे अळणी आहे, यातून वीज जाणार कशी? दोना ओदेत, काय भरलंत यात?"

"आपारेसिदा माउलीच्या देवळातलं तीर्थ. मिठाने कुणाचं डोकं सुधारलंय का?"

नर्सने दिलेली मिठाची पुडी फोडून एडिलेनने नवं पाणी केलं. पट्टा घेतला, खुर्ची उचलली आणि थेट फुटपाथवर आली. संध्याकाळचे सहा, म्हणजे अख्खी गल्ली खुर्च्या टाकून बसलेली. सगळ्यांच्या मधोमध बसून तिने पट्टा बांधला. दिवा हिरवा झाला.

"एडिलेन, कुठलं रेडिओ स्टेशन लागतंय?" वाल्दिर न्हावी ओरडला.

"तुझं तोंड बंद करायचं बटण शोधतेय!"

गल्ली खदखदून हसली. दोना ओदेत दारात आली. "आत चल आधी! लोक काय म्हणतील?"

"दोन वर्षं आतच होते ना मी? तेव्हा लोकांना माझं तोंड दिसत नव्हतं, ते बरं चाललं होतं तुम्हाला!"

म्हातारी दारातून मागे सरली. मला तिची कीव आली नाही.

फोनवर रोझिल्दा नेहमीचे प्रश्न विचारत होती. "जळजळ?"

"थोडी."

"आज मनाला कसं वाटतंय?"

"राग आलाय. खूप."

रोझिल्दा दचकली. "त्रास म्हणून लिहून घेऊ का?"

"त्रास कसला?" एडिलेन म्हणाली. "दोन वर्षं मला रागसुद्धा येत नव्हता."