आबारावांची उभी बैठक

आबाराव पुण्याच्या कंपनीतली नोकरी सोडून जालन्याला परत आले ते २००६ साली. इथल्या एका छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात ते प्रमुख झाले. पुण्याहून त्यांनी कामाची नवी रीत आणली होती, अजाइल. सगळं काम एकदम करून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचं नाही; छोटे तुकडे करायचे, तयार झालेला तुकडा दर पंधरवड्याला दाखवायचा, त्याचं ऐकून पुढचा करायचा. आणि रोज सकाळी सगळ्यांनी उभ्या उभ्या सांगायचं: काल काय झालं, आज काय करणार, कुठं अडलं.

रीत चांगलीच होती. पण आबारावांच्या हातात ती बैठक शाळेच्या हजेरीसारखी झाली. कुणी "अडलंय" म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची.

तेव्हा एका बियाणं कंपनीच्या गोदामासाठी सॉफ्टवेअर करायचं काम चालू होतं. जाफराबादकडची बेबीनंदा त्यात नवीन होती. एका सकाळी ती म्हणाली, "सर, नापास बियाण्याचा लॉट गोदामातच अडवायचा भाग मला जमून न्हाई राह्यला. कुणी बसतं का माझ्यासंगं?"

"उभं राहून रडगाणं नको," आबाराव म्हणाले. "या आठवड्यात झालं पाहिजे."

दोघंतिघं हसले. मग बेबीनंदा रोज "होत आलंय" म्हणू लागली, आणि एक दिवस "झालं" म्हणाली. आबारावांनी तिच्या कामाची चिठ्ठी भिंतीवर झालेल्या कामांत चिकटवली. काम उघडून पाहिलं नाही.

दाखवायच्या दिवशी कंपनीचे गोदामप्रमुख रामराव आले. म्हणाले, "उगवण चाचणीत नापास झालेला लॉट टाका. बघू अडवतं का."

बेबीनंदानं नंबर टाकला. पडद्यावर गाडी भरायची परवानगी आली.

"हे बियाणं उद्या कुणाच्या तरी रानात पेरलं गेलं असतं," रामराव हळू आवाजात म्हणाले.

आबाराव तिच्याकडं वळले. "बेबीनंदा, तू तर झालं म्हणाली होतीस."

तिनं मान खाली घातली. मी मदत मागितली होती, असं तिला सांगता आलं असतं. ती बोलली नाही. तिच्या त्या गप्प बसण्यानंच आबारावांना ती सकाळ आठवली आणि त्यांचे कान तापले. खरं सांगायची वेळ तीच होती. त्यांच्याच्यानं तोंड उघडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. आबाराव तिच्या घरी गेले. आई द्वारकाबाईंनी खुर्ची पुसून दिली, चहा ठेवला.

"पोरगी लई नाव काढती तुमचं, साहेब. म्हणती, चुकलं तरी सर समजून सांगतेत. डोकं दुखतं म्हणून पडून राह्यली, न्हाईतर खाडा करत न्हाई."

आबारावांनी चहाचा कप खाली ठेवला. पोरीनं घरीसुद्धा त्यांची अब्रू राखली होती. तेवढ्यात ती आतल्या दारात येऊन उभी राहिली.

"तू मदत मागितली होतीस," ते खाली बघत म्हणाले. "मी तुझं हसं केलं. आणि रामरावांपुढं गप्प बसलो."

"मी बी खोटं बोलले, सर."

"खरं बोलायची सोय मी ठेवली नव्हती."

द्वारकाबाई काही न कळून दोघांकडं बघत राहिल्या.

तिथून आबाराव थेट रामरावांकडं गेले आणि घडलं ते सांगितलं. दुसऱ्या सकाळी बेबीनंदा कामावर आली. बैठकीत पहिल्यांदा आबारावच बोलले. "लॉटचं काम मी न तपासता झालं धरलं. ते कसं करायचं हे मलाही पुरतं कळलेलं नाही. कोण बसतंय आमच्यासोबत?" या खेपेला कुणी हसलं नाही. पुढच्या पंधरवड्यात नापास लॉट अडला. लोकांच्या तोंडून "अडलंय" मोकळेपणानं यायला मात्र फार दिवस गेले. कितीतरी सकाळी माणसं आधी आबारावांच्या कपाळाकडं बघायची, मग बोलायची. ते बघणं त्यांना टोचायचं.

वर्षभरानं बेबीनंदाला पुण्यात नोकरी लागली. निरोपाच्या दिवशी ती पाया पडायला वाकली, तेव्हा आबारावांनी चटकन पाय मागं घेतले.