साखरपुड्यापुरती बांधलेली नळी

अक्काच्या पाठीतून निघणारी नळी त्या दिवशी मी बंद केली होती. अक्कानं नाही, मी. हे एवढं बोलायला मला लेकीचं लग्न होऊन ती दोन लेकरांची आई होईपर्यंत थांबावं लागलं.

अक्का माझी थोरली बहीण. लग्न मोडून माहेरी आली. पुढं माझी बायको गेली तेव्हा माझ्या तान्ह्या लेकीला तिनंच मांडीवर घेतलं. तिची एक किडनी लहानपणापासूनच वाळलेली आहे, हे आम्हाला कधी कळलंच नव्हतं. दुसरीच्या वाटेत खडा अडकला, लघवी माघारी तुंबली आणि किडनी फुगली, तेव्हा ते कळलं. कलबुर्गीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पाठीतून सरळ किडनीत नळी घातली आणि बाहेर पिशवी जोडली. आधी आतला पू जाऊ दे, मग खडा काढू, असं म्हणून आम्हाला घरी पाठवलं.

त्याआधी तिथल्या सिस्टरनं मला सगळं शिकवलं. त्या कन्नड बोलणाऱ्या, आमच्यासाठी मराठी जुळवून बोलायच्या. बहिणीची उघडी पाठ बघायला मला अवघड जायचं. मी नजर भलतीकडं ठेवून पट्टी बदलायला लागलो की त्या म्हणायच्या, "अण्णा, भिंतीकडं काय बघायलाव? जखम इकडं हाय." पिशवी कायम कमरेच्या खाली ठेवा, नळी दुमडू देऊ नका, पाणी भरपूर पाजा, थंडी वाजून ताप आला तर तसंच उचलून आणा. एवढंच होतं. समजलं नाही असं मला म्हणताच येणार नाही.

अक्का मात्र थट्टेत घ्यायची. शेजारणी बघायला आल्या की सांगायची, "पुढचं दार तुंबलं, म्हणून डॉक्टरनं मागनं मोरी काढून दिली बाई." त्या हसायच्या. मला ते हसणं सोसायचं नाही, कारण लेकीचं एक स्थळ तेवढ्यात मोडलं होतं. मध्यस्थानं आडून विचारलं होतं, "हे किडनीचं तुमच्या रक्तातच हाय का हो?" हे मी घरात कुणाला सांगितलं नाही.

मग चिटगुप्प्याचं स्थळ जमलं. साखरपुडा आमच्याकडं, गावातल्या बुद्धविहारात. आमच्यात अशा कार्याला सगळे पांढऱ्या कपड्यांत, खाली सतरंजीवर बसतात. अक्काची पांढरी साडी इस्त्री करून ठेवली होती. पिशवीतलं पाणी त्या आठवड्यात तांबूस यायचं. साडीआडून ते दिसणार, हे मला सकाळीच दिसायला लागलं.

मी म्हणालो, "अक्का, वंदना होईपर्यंत पिशवी काढून ठेवू."

"आन् नळीचं?"

"दुमडून रबर लावतो. तासाभराचं काम आहे."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बांध तम्मा. तुझ्या मनाला बरं वाटायलंय तर बांध." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. रागावली की ती मला नावानं हाक मारायची. त्या दिवशी नावानं हाक मारली नाही.

तास कुठला! वंदना झाली, पंचशील झालं, मग मुलाच्या काकांना बोलायचं होतं. ते बसले तर त्यांच्या मेहुण्यांना. जेवणाच्या पंगती उठल्या तरी पाहुणे निघेनात. अक्का लेकीच्या शेजारी बसली होती. तिचा हात कमरेवर गेला. थोड्या वेळानं पुन्हा गेला. तिचा वरचा ओठ घामानं भिजलेला मला दिसला. मी पाहुण्यांना पान द्यायला वळलो.

नळी दुमडणं ही चूक म्हणता येईल. ते वळणं म्हणजे चूक नव्हती, ते मी जाणूनबुजून केलं. एवढी वर्षं मी ज्याच्यासाठी गप्प राहिलो ते हेच आहे.

पाहुण्यांची गाडी गेली आणि अक्का भिंतीला धरून उभी राहिली. दात वाजत होते. मी पिशवी जोडून रबर सोडलं तर तिच्यात गढूळ, दह्याच्या निवळीसारखं काहीतरी उतरलं. गाडी करून कलबुर्गीला नेलं. सिस्टरनं नळीवरची घडी बघितली आणि विचारलं, "ही कुणी बांधली?"

मी तोंड उघडण्याआधी अक्का बोलली, "मीच. चारचौघांत लाज वाटली."

"शाणी हैस! लाज मोठी की जीव मोठा?" सिस्टर तिच्यावर चिडल्या, आणि ताप मोजता मोजता बोलत राहिल्या. मी पाण्याची बाटली हातात धरून उभा होतो. लेकही तिथंच होती.

अक्का वाचली. पुढं खडाही काढला. पण किडनीनं जे गमावलं होतं ते परत आलं नाही. थोडी थोडी करत ती थकत गेली आणि आता अक्काला बिदरला डायलिसिससाठी न्यावं लागतं. डॉक्टर म्हणाले, पहिल्या तुंबण्यातच बरंच नुकसान झालेलं होतं. मी त्यांना माझ्या वाट्याचं नुकसान वेगळं काढून मागितलं नाही.

मागच्या महिन्यात लेक माहेरी आली होती. अक्काच्या सुजलेल्या पायांवरून हात फिरवत म्हणाली, "आत्या, त्या दिवशी ती खोटी लाज धरली नसतीस तर?" हे ती पहिल्यांदा म्हणत नव्हती. अक्का नेहमीसारखी हसली. मला ते हसणं या वेळी गिळता आलं नाही.

"तिनं नाही बांधली," मी म्हणालो. "मी बांधली. तिचं दुखायलंय हे मला दिसत होतं."

बोलली ती अक्का, आणि नावानं हाक मारून बोलली. "आता कामून सांगायलास? कुणासाठी? तुला वाचवायला खोटं बोलले व्हय मी? पोरीनं आपल्या साखरपुड्याकडं उभ्या जन्मात वाकडं बघू नये म्हणून बोलले. ते घालवलास न्हाई का?"

याचा मी कधी विचारच केला नव्हता. मला वाटत होतं ते खोटं माझ्यासाठी होतं.

लेकीनं विचारलं, "मग तू उठली कामून न्हाईस आत्या?"

"काका बोलायलते ना तुझ्या सासरचे," अक्का म्हणाली. "मधीच कसं उठावं!"

दुसऱ्या दिवशी डायलिसिसची पाळी होती. मी चपला घातल्या. लेकीनं आत्याला धरून गाडीत बसवलं, स्वतः बसली आणि म्हणाली, "आज मी नेते अप्पा. तुम्ही नका येऊ." मी अक्काकडं बघितलं. ती साडीचा पदर नीट करत होती. तिनं मान वर केली नाही, आणि गाडी निघाली.